किनारा रिकामा नव्हता: काल्पनिक जगातल्या आश्रयबंदराचा इतिहास लिहिताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कादंबरीत एक बंदर आहे. तीनशे वर्षांपूर्वी आतल्या मुलखातलं राज्य बुडालं तेव्हा एक सरदार हजारभर माणसं घेऊन घाट उतरला, निर्जन किनाऱ्यावर त्याने वस्ती केली, समुद्रदेवतेने खाडीच्या तोंडावर धुकं पसरलं आणि शत्रू तिथे कधीच पोहोचला नाही. दुसऱ्या प्रकरणात हा सगळा इतिहास येतो आणि वाचणारे नेमके तिथेच अडतात. तो जिवंत कसा करायचा?

काल्पनिक जगं उभी करण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे: स्वतःच्या गोष्टींसाठी, खेळांसाठी, आणि दुसऱ्यांची हस्तलिखितं तपासतानाही. समुद्रकाठचा आसरा ही माझी सगळ्यात आवडती जागा. म्हणून उत्तर लांबणार आहे.

सगळ्यात आधी 'निर्जन किनारा' हे दोन शब्द खोडा. भाषा म्हणून त्यात काही वाईट नाही, पण तुमचा इतिहास तिथेच मरतो. ज्या किनाऱ्यावर हजार माणसं जगू शकतात, तिथे गोडं पाणी असतं, मासळी असते, होडी ओढायला जागा असते. अशा जागी कुणीतरी आधीच राहत असतं. मग तुमच्या सरदाराला पहिल्या संध्याकाळी पाणी कुणी दाखवलं? कशाच्या बदल्यात? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की निम्मा इतिहास हाती लागतो.

मुरूडसमोरचं जंजिऱ्याचं बेट पाहा. आपण ते सिद्दीचा किल्ला म्हणून ओळखतो, पण त्याची सुरुवात आसरा म्हणूनच झाली. चाच्यांचा उपद्रव व्हायचा म्हणून राजपुरीच्या कोळ्यांनी त्या बेटावर लाकडाचे मोठाले ओंडके रोवून मेढेकोट उभारला. त्यांचा प्रमुख राम पाटील. पंधराव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीच्या पिरमखानाने तो घेतला. कसा, ते परंपरा सांगते: व्यापारी असल्याची बतावणी करून त्याने गलबतं जवळ नांगरली, दारूची पिंपं भेट दिली, बेटावर येण्याची मुभा मिळवली आणि रात्री कोट ताब्यात घेतला. दगडी तटबंदी त्यानंतरची. आसऱ्यासाठी बांधलेली जागा आसरा मागणाऱ्याच्या वेशात आलेल्या माणसाने घेतली. आता तुमच्या बंदरातल्या कोळ्यांच्या नातवंडांना हे आठवत असेल, तर तीनशे वर्षांनी दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसाकडे ते कसे पाहतील? कथानक इथून निघतं.

दुसरं उदाहरण व्हेनिसचं. नेहमीची गोष्ट अशी की हूण आणि पुढे लोंबार्ड इटलीत शिरले, मुख्य भूमीवरची माणसं पळाली आणि खाजणातल्या बेटांवर त्यांनी शहर वसवलं. ४५२ मध्ये हूणांचा राजा अत्तिला याने अक्विलेया हे शहर उद्ध्वस्त केलं हे खरं, ५६८ नंतर लोंबार्ड आले हेही खरं. पण या दोन तारखांच्या मधलं, साधारण ५३७ चं एक पत्र शिल्लक आहे. कॅसिओडोरस नावाचा राजदरबारी अधिकारी खाजणातल्या मुखियांना लिहितो की इस्त्रियाहून दारू आणि तेल रावेन्नाला पोहोचवा. लिहिता लिहिता तो तिथल्या वस्तीचं वर्णन करतो: पाणपक्ष्यांसारखी घरटी करून राहणारी माणसं, भिंतीला जनावरं बांधावीत तशा बांधलेल्या होड्या, मिठागरांवर चाललेली मेहनत. सोन्याची इच्छा नसलेला माणूस एखादा सापडेल, मिठाची गरज नसलेला सापडणार नाही, असंही तो सांगतो. लोंबार्डांपासून पळालेली माणसं आली तेव्हा तिथे मीठ पिकवणारे, होड्या चालवणारे, गाळातल्या वाटा ओळखणारे लोक होतेच. पळून आलेल्यांकडे पैसा होता, धर्मपीठ होतं, जुन्या शहरांची नावं होती. आधीच्यांकडे पाण्याचं ज्ञान होतं. पुढचं सगळं राजकारण या देवघेवीतून उभं राहतं.

तुमच्या कादंबरीत ही देवघेव दिसायला हवी, म्हणून पहिल्या कराराचं एक प्रकरण स्वतःसाठी लिहाच. छापू नका, पण लिहा. इथे संजाणची कथा फार उपयोगी पडते. 'किस्सा-ए-संजान' हे फारसी काव्य नवसारीला १६०० च्या सुमारास रचलं गेलं. त्यात इराणमधून निघालेले झरथुष्ट्री, म्हणजे आजच्या पारशांचे पूर्वज, आधी डोंगरात, मग होर्मुझला, मग दीवला काही काळ काढतात आणि वादळातून वाचून संजाणला उतरतात. तिथला जादी राणा त्यांना जागा देतो, पण अटी घालतो: तुमचा धर्म काय ते समजावून सांगा, इथली भाषा बोला, बायकांनी इथला पेहराव करावा, शस्त्रं खाली ठेवा, लग्नं संध्याकाळनंतर लावा. या अटींमधून यजमानाची भीती कळते. शस्त्रांची अट समजते. पण लग्नं अंधार पडल्यावर लावा असं त्याने का म्हटलं असेल? अशी एखादी अट, जिचं कारण तीनशे वर्षांनी कुणालाच धड सांगता येत नाही पण पाळतात सगळे, तुमच्या बंदरात हवीच. वाचकाला इतिहास जाणवतो तो तिथे.

करार नेहमी राजाशीच होतो असंही नाही. अलिबागजवळच्या नवगावला गलबत फुटून सात पुरुष आणि सात बायका किनाऱ्याला लागल्या, अशी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, समाजाची परंपरा आहे. त्यांना कुणी ताम्रपट दिल्याचं ती सांगत नाही. त्यांनी तेलाचा घाणा धरला, शनिवारी काम बंद ठेवलं आणि गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. पांगले त्या त्या गावावरून आडनावं पडली: केहीमकर, पेणकर, नवगावकर. एवढ्यात एका समाजाची जागा ठरली. काम कोणतं मिळालं, सुट्टी कोणत्या वारी, नाव कुणी ठेवलं, हे तीन तपशील तुमच्या कुठल्याही राजवंशावळीपेक्षा जास्त बोलतील.

आता पाणी. तुमच्या हस्तलिखितातला कच्चा दुवा हाच आहे, कारण तिथे सगळं धुक्यावर सोपवलंय. शत्रू तीनशे वर्षं का आला नाही, याचं उत्तर आधी जमिनीत आणि भरती-ओहोटीत शोधा, धुकं नंतर घाला. खऱ्या आसऱ्यांचं रक्षण बहुतेक वेळा वाळू, गाळ आणि खडक यांनी केलं. मोरोक्कोतल्या सालेच्या नदीमुखावर वाळूचा दांडा होता. हलकी गलबतं भरतीला आत शिरायची, पाठलागावरची मोठी जहाजं बाहेर अडायची. व्हेनिसच्या खाजणात जहाजाला पुरेल एवढी खोली फक्त नागमोडी वाटांमध्ये होती आणि त्या वाटा खांब रोवून दाखवलेल्या असत. १३७९ मध्ये जिनोआच्या आरमाराने कियोज्जा घेतलं आणि ते व्हेनिसच्या दाराशी आलं, तेव्हा व्हेनिसने ते खांब उपटून काढले. पुढे दगडांनी भरलेली जहाजं वाटेत बुडवून जिनोआवाल्यांनाच आत कोंडलं आणि १३८० च्या जूनमध्ये त्यांना शरण यावं लागलं. मालवणच्या कुरटे बेटाभोवतीचे पाण्याखालचे खडक हेच काम करतात. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे सिंधुदुर्गाचा पाया घातला, त्या निवडीत त्या खडकांचा वाटा मोठा आहे.

याचा कथेला फायदा असा की अशा संरक्षणात माहिती हेच हत्यार ठरतं. खांब कुठे होते हे ज्याला पाठ आहे, तो माणूस एकाच वेळी सगळ्यात मौल्यवान आणि सगळ्यात धोकादायक. तांडेल, म्हणजे गलबताचा प्रमुख, फुटला तर? तांडेलाच्या मुलीने परमुलखात लग्न केलं तर? धुक्यातून वाट काढणारी माणसं तुमच्याकडेही असणारच, कारण मासेमारी धुक्यातूनच करायची आहे. त्या माणसांना गावात काय मान आहे, त्यांच्यावर कोणती बंधनं आहेत, हे ठरवा. धुकं देवतेचं असलं तरी त्याला वेळापत्रक, मर्यादा आणि किंमत द्या. सतत धुकं असेल तर सुकी मासळी सुकणार कुठे आणि मीठ पिकणार कसं? एकदा हा प्रश्न पडला की धुकं पहाटे उतरतं आणि दुपारी उठतं, किंवा मिठाच्या हंगामात देवतेला ते मागे घ्यायची विनंती करावी लागते आणि त्या दोन महिन्यांत बंदर उघडं पडतं, असं काहीतरी सुचतं. त्या दोन महिन्यांतच तुमची कादंबरी घडली पाहिजे.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला ठोकताळा सर्वांना माहीत असतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या, पुनवेला-अवसेला सव्वाअकराच्या सुमारास. तुमच्या बंदरातल्या आठ वर्षांच्या पोरालाही असा हिशेब तोंडपाठ हवा, आणि डोंगरातून आलेल्या सैन्याच्या सेनापतीला तो येत नसावा. तुमच्या जगात दोन चंद्र आहेत असं तुम्ही ओझरतं लिहिलंय आणि मग त्याचा कुठेच उपयोग केलेला नाही. ही संधी सोडू नका. समजा एका चंद्राची पुनवेपासून पुनवेपर्यंतची फेरी ३० दिवसांची आणि दुसऱ्याची ४२ दिवसांची. उधाण पुनवेलाही येतं आणि अवसेलाही, म्हणजे पहिल्याचं दर १५ दिवसांनी, दुसऱ्याचं दर २१ दिवसांनी. दोन्ही एकत्र दर १०५ दिवसांनी. त्या दिवशी पाणी सर्वांत जास्त चढेल आणि त्याच दिवशी ओहोटीला सर्वांत खाली जाईल. एरवी कधी न दिसणारं खडप तेव्हा उघडं पडेल, आणि घटकाभर चालत बेटावर जाता येईल. शत्रूला हे गणित सापडायला किती पिढ्या लागतात, तेवढं तुमच्या आसऱ्याचं आयुष्य. कोरड्या इतिहासाला इथे एकदम घड्याळ मिळतं.

पिण्याच्या पाण्याचाही हिशेब मांडा, माझ्यासमोर येणाऱ्या दहातल्या नऊ बेटांवर तो नसतो. कमीत कमी धरलं तरी पिणं आणि शिजवणं मिळून माणशी रोज ५ लिटर. कोकणासारखा पाऊस धरला तर आठ कोरडे महिने, म्हणजे २४० दिवस, म्हणजे माणशी १,२०० लिटर. हजार माणसांना १२ लाख लिटर. हे साठवायला २० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल तळं लागतं, आणि बाष्पीभवन, गळती, गुरंढोरं यात धरलेली नाहीत. पळून आलेल्या हजार माणसांनी पहिल्याच उन्हाळ्याआधी एवढं तळं खणलं का? नाही. मग पहिल्या उन्हाळ्यात काय झालं? कुणाला परत पाठवलं, कुणी विहिरीवर पहारा बसवला, कोण मेलं? तुमच्या बंदरातला सगळ्यात जुना सल तो पहिला उन्हाळा असू शकतो.

वाळूच्या बेटावर विहीर असेल तर तिचा स्वभावही लक्षात घ्या. पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. उपसा वाढला की खालचं खारं वर येतं, विहीर मचूळ होते आणि सुधारायला कित्येक पावसाळे जातात. सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी आहेत. चारी बाजूंनी समुद्र असताना त्यांना नावं इतक्या प्रेमाने का दिली असतील हे वेगळं सांगायला नको. व्हेनिसकडे असं नैसर्गिक पाणी नव्हतं. तिथे चौक खणून चिकणमातीचं अस्तर द्यायचे, आत वाळू भरायचे, मधोमध विटांचा हौद ठेवायचे आणि चौकात पडलेला पाऊस वाळूतून गाळून त्या हौदात जमा करायचे. म्हणजे शेजाऱ्यांनी एकत्र येण्याची जागा आणि पाण्याची टाकी एकच. तुमच्या शहराचा नकाशा असा पाण्यावरून काढून पाहा, गल्ल्या आपोआप खऱ्या होतील.

पावसाळ्यात कोकणचा समुद्र नारळी पौर्णिमेपर्यंत बंद असतो, तेव्हा वेढा घालणाऱ्याचीही पंचाईत होते. त्यालाही आरमार कुठेतरी ठेवावं लागतं. १६७० च्या दशकात सिद्दीची जहाजं पावसाळ्यात मुंबईला येऊन राहायची आणि तिथल्या इंग्रजांना ती नकोशी असूनही नाकारता येत नसत. तुमच्या शत्रूला पावसाळ्यात आसरा देणारं शेजारचं बंदर कुठलं, आणि ते का देतं, याचाही विचार करा.

ज्या गाळाने आसऱ्याला वाचवलं, तोच त्याला बुजवतोही. तोर्चेल्लो हे खाजणातलं बेट एकेकाळी व्हेनिसच्या बरोबरीचं गजबजलेलं होतं. तिथल्या कॅथेड्रलचा शिलालेख ६३९ चा आहे. पुढे आजूबाजूचं पाणी गाळाने उथळ झालं, हिवताप वाढला, वस्ती उठली आणि लोकांनी घरांच्या विटा-दगड दुसरीकडे बांधकामाला नेले. हे बघून व्हेनिसने पुढच्या शतकांत ब्रेन्ता, पियावे अशा नद्यांचे प्रवाहच खाजणाबाहेर वळवले. तीनशे वर्षांत तुमच्या खाडीत काय बदललं? पहिला धक्का आता कोरड्या जमिनीत असेल. बंदर गल्ली नावाच्या रस्त्यावरून समुद्र दिसत नसेल. एवढ्या एका ओळीत तीन शतकं येतात.

आता ज्या मुद्द्यासाठी मी मुळात लिहायला बसलो तो. आसऱ्याचा इतिहास पहिल्या येणाऱ्यांवर संपत नाही. तुमच्याकडे तीनशे वर्षांत एकदाच माणसं आली आणि मग दार बंद. असं होत नाही. आतल्या मुलखात युद्धं चालू आहेत, दुष्काळ पडतात, साथी येतात. माणसं पुन्हा पुन्हा घाट उतरणार. दुसऱ्या खेपेला आलेल्यांना पहिल्यांनी कसं वागवलं, यावर तुमचं बंदर कसं आहे ते ठरेल. मला तर वाटतं, आश्रयस्थानाचा खरा इतिहास तिथूनच सुरू होतो.

क्रोएशियाच्या किनाऱ्यावरच्या दुब्रोव्हनिकची परंपरा सांगते की सातव्या शतकात एपिदॉरम हे जुनं शहर पडलं तेव्हा तिथले लोक पळून एका खडकावर आले आणि हे शहर वसलं. त्या एपिदॉरमच्या जागेला आज त्सावतात म्हणतात. १३७७ मध्ये, प्लेगच्या काळात, दुब्रोव्हनिकच्या महापरिषदेने ठराव केला: साथीच्या मुलखातून येणाऱ्याने आधी ३० दिवस मर्कान या बेटावर किंवा त्सावतातला काढायचे, मगच शहरात पाय ठेवायचा. पूर्वज जिथून जीव घेऊन पळाले, नेमक्या त्याच जागी आता नव्याने येणाऱ्यांना थांबवून ठेवलं जाऊ लागलं. ठराव शहाणपणाचा होता, त्याने जीव वाचले असतील आणि पुढे जगभर पसरलेल्या विलगीकरणाच्या पद्धतीची ती सुरुवात मानली जाते. तरी त्या तीस दिवसांत पलीकडच्या तटाकडे बघत बसलेल्या माणसाला काय वाटत असेल? याच शहराने १४१६ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. एकाच जागेत सावधपणाही आहे आणि माणुसकीही, आणि दोन्ही कायद्यात लिहिलेली आहेत.

सालेचा इतिहास याच्या उलट जातो. १६०९ ते १६१४ या काळात स्पेनने मोरिस्को लोकांना, म्हणजे बाप्तिस्मा दिलेल्या मुसलमानांच्या वंशजांना, देशाबाहेर घालवलं. त्यातले काही बू रेग्रेग नदीच्या तोंडाशी आले. ओर्नाचोस गावचे लोक आधी आणि पैशासकट आलेले, त्यांनी कसबा, म्हणजे वरचा किल्ला, धरला. मागून आलेले बाकीचे खाली नव्या शहरात राहिले. १६२७ मध्ये त्यांनी सुलतानाचं वर्चस्व झुगारून आपला स्वतंत्र कारभार उभा केला आणि तो चालला समुद्रावरच्या लुटीवर. त्यांची जहाजं त्याच वर्षी थेट आइसलँडपर्यंत गेली, माणसं पकडून आणली, विकली. घरातून हाकललेले लोक दुसऱ्यांची घरं फोडू लागले. आतल्या आतही किल्ल्यावरचे आणि खालचे यांच्यात लुटीच्या वाटणीवरून आणि सत्तेवरून लढाया झाल्या. त्यांना खलनायक म्हणून मोकळं होता येत नाही आणि बिचारे म्हणूनही नाही. वाचकाला असंच अडकवून ठेवणारं बंदर तुम्हाला लिहायचं असेल तर आधी ठरवा की ते पोट कशावर भरतं. मीठ, मासे, जकात, लूट, खंडणी. उत्तर बदललं की लोकांचा स्वभाव बदलतो.

म्हणून तुमच्या तीनशे वर्षांत निदान तीन खेपा ठेवा. कोळी, जे मुळात तिथलेच. सरदाराची माणसं. आणि साधारण शंभर वर्षांपूर्वी आलेली तिसरी खेप, जिला विहिरीची पाळी अजून सगळ्यात शेवटी मिळते. तुमची नायिका सध्या सरदाराच्या वंशातली आहे. ती तिसऱ्या खेपेतली असती तर काय झालं असतं, हे एकदा कागदावर करून पाहा, असा माझा आग्रह आहे.

राहिला कथेतल्या कथेचा प्रश्न. काय घडलं आणि काय सांगितलं जातं यात अंतर ठेवा, आणि ते अंतर कुणाच्या सोयीचं आहे हे स्वतःला नक्की माहीत असू द्या. व्हेनिसने आपला जन्मदिवस २५ मार्च ४२१ असा ठरवून टाकला, त्याला इतिहासाचा आधार नाही. पण जन्मापासून स्वतंत्र असल्याचा दावा करायला तारीख लागते. दुब्रोव्हनिकमध्ये १९७९ च्या भूकंपानंतर कॅथेड्रलची दुरुस्ती करताना खाली त्याहून जुन्या चर्चचे अवशेष सापडले, आणि पळून आलेल्यांच्या आधीही त्या खडकावर वस्ती असावी असं अनेक संशोधक म्हणू लागले. संजाणची दुधात साखर विरघळवण्याची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे, पण ती 'किस्सा'मध्ये नाही. तिथे आहेत त्या अटी. दोन समाज शेजारी नांदू लागल्यावर अटींची जागा साखरेने घेतली असावी, असं मला वाटतं. तुमच्या बंदरातल्या सणाला सरदाराच्या उतरण्याचा सोहळा होत असेल, तर कोळीवाड्यात त्या दिवशी काय करतात? दारं लावून घेतात, की मिरवणुकीत सगळ्यात पुढे असतात?

बेने इस्रायलांच्या परंपरेत आणखी एक गोष्ट आहे जी कल्पित इतिहासात मला क्वचित भेटते: विसरणं. गलबतासोबत ग्रंथ बुडाले. उरली 'शमा' ही एक प्रार्थना, शनिवारची विश्रांती, सुंता, खाण्यातले काही नियम. मधल्या काळात बाकीचं पुसलं गेलं आणि इथलं मिसळत गेलं. एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा होतो त्यात पोहे, गूळ किंवा साखर आणि ओलं खोबरं असतं. तुमच्या लोकांनी मात्र तीनशे वर्षांत काहीच गमावलेलं नाही. त्यांच्याकडे सगळे राजे क्रमाने आहेत, सगळी युद्धं तारखांसह. एवढं पाठ असलेले निर्वासित कुठे असतात? अर्धं बुडवा. राजधानीचं नाव माहीत असू दे, पण ती कुठल्या दिशेला होती यावर दोन घराण्यांचं भांडण असू दे.

सोबत काय आणलं, हेही ठरवा, आणि ते एकच असू द्या. संजाणच्या लोकांनी वादळात नवस बोलल्याप्रमाणे अग्नी स्थापन केला. पुढे संजाण पडलं तेव्हा त्यांनी तो बहरोटच्या डोंगरातल्या गुहेत, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, बारा वर्षं जपला, असं 'किस्सा' सांगतो. मग वांसदा, नवसारी, आणि शेवटी १७४२ मध्ये उदवाडा. गोव्यात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा १५६० मध्ये मंगेशाचं लिंग कुशस्थळीहून जुवारी ओलांडून प्रियोळला नेलं गेलं, कारण पलीकडे फोंड्याच्या मुलखात पोर्तुगीजांची सत्ता नव्हती. नदीच्या एका पात्राचा फरक. यातून एक गोष्ट घ्या: आसरा हा बऱ्याचदा एकामागून एक बदलावा लागतो. तुमचं बंदर पडलं तर लोक पुढे कुठे जाणार, हे गावातल्या म्हाताऱ्यांनी कधीच ठरवून ठेवलेलं असेल.

आणि काही वेळा पुढे जाताना मागचं काही ठेवायचंच नसतं. ग्रीसच्या किनाऱ्यावरचं पार्गा हे आजूबाजूच्या डोंगरी लोकांचं अडचणीतलं आश्रयस्थान. १८१९ मध्ये ब्रिटिशांनी ते अली पाशा या ऑटोमन सुभेदाराच्या हवाली केलं, तेव्हा पार्गाच्या लोकांनी पूर्वजांच्या कबरी उकरल्या, हाडं जाळली आणि ते कॉर्फू बेटावर निघून गेले. शत्रूला जमीन मिळाली, माणसं नाही, मेलेलीसुद्धा नाहीत. तुमच्या शेवटच्या प्रकरणात बंदर रिकामं होतं तिथे सध्या फक्त होड्या निघताना दिसतात. त्याआधीची रात्र लिहा.

आता दुसऱ्या प्रकरणाचं काय करायचं? ते काढा. त्यातला मजकूर तुमच्या टिपणवहीत राहू द्या, फार तर पाचवा हिस्सा कादंबरीत जाईल, आणि तोही भांडणांतून. विहिरीच्या पाळीवरून पंचायत बसते तेव्हा पहिला उन्हाळा निघतो. जकात माफ कुणाला यावरून कोळी जुना करार काढतात आणि सरदाराचे वंशज म्हणतात की असा करार झालाच नव्हता. नायिकेचं लग्न ठरताना तिचं आडनाव कुठल्या खेपेचं आहे हे विचारलं जातं. धुकं उठायला दोन दिवस उशीर होतो तेव्हा मिठागरवाले देवळाशी जमतात. तुमचा सरदार कुठल्या साली उतरला हे वाचकाला कधीच कळलं नाही तरी चालेल. पाणी त्याला कुणी दाखवलं, त्या बाईचं नाव मात्र कळलं पाहिजे, आणि तिच्या वंशातलं कुणीतरी आज त्या बंदरात हयात असलं पाहिजे.